मोटारीचं दावं

आमच्या ह्यांनी मोटार विकायला काढली तेव्हा मलकापुरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, काऊन? मोटार ठणठणीत होती. दवाखाना चांगला चालत होता. घरात आजारपण नाही, कोर्टकचेरी नाही, मुलींची लग्नं होऊन त्या आपापल्या घरी सुखात. मग जिवापाड जपलेली गाडी माणूस विकतो कशाला? मला उत्तर ठाऊक होतं आणि ते मी कोणालाच सांगू शकत नव्हते. ह्यांना दिसत नव्हतं.

एकदम दिसेनासं झालं असतं तर निदान बोलता आलं असतं. हे हळूहळू चाललं होतं. आधी वर्तमानपत्र खिडकीशी गेलं. मग बाटलीवरची चिठ्ठी वाचायचं काम कंपाउंडरकडे गेलं, त्याचं वाचन सुधारावं म्हणून. मग एके दिवशी ताटात वाढलेलं मीठ ह्यांनी साखर समजून पोळीला लावलं आणि मुकाट्याने खाल्लं. मोतीबिंदू म्हणजे काय हे डॉक्टरच्या बायकोला वेगळं सांगावं लागत नाही. बाहुलीवर आलेली ती करडी साय मला रोज दिसत होती.

पण घरात तो शब्द निघाला नाही. मी काढला नाही, कारण हे चिडले असते. ह्यांनी काढला नाही, कारण स्वतःच्या डोळ्यांचं ह्यांना अजून कळलेलंच नाही अशी माझी समजूत होती. जन्मभर दुसऱ्यांचे रोग ओळखणारी माणसं स्वतःच्या बाबतीत ठार अडाणी असतात, हे मी लग्नापासून पाहत आले होते. आणि बाहेर बोलायची तर सोयच नव्हती. ज्या डॉक्टरला थर्मामीटरचा पारा दिसत नाही त्याच्या दवाखान्याची पायरी कोण चढणार?

बरं, नुसतं दिसत नव्हतं एवढंच असतं तरी मी निभावून नेलं असतं. खरं दुखणं हे की हे मोटार चालवत होते.

मोटार लहानशी, विलायती, दोन दारांची, वर कापडी टप. पुढे दोन माणसं बसत आणि मागेही दोन, फक्त मागच्यांनी गुडघे हनुवटीला लावून बसायचं. गावात तिला 'बेबी मोटार' म्हणत. ह्यांनी ती अकोल्याहून आणली त्या दिवसापासून आमच्या घरात एक माणूस वाढलं. रविवारी सकाळी तिची आंघोळ. आठवड्यातून दोनदा तेलपाणी. टायर रोज अंगठ्याने दाबून पाहायचे. पुसायला मी माझं जुनं लुगडं काढून दिलं, तर काठाच्या जरीने रंगाला चरे पडतात म्हणून ह्यांनी स्वतःची चांगली धोतरं फाडली. पावसाळ्यात तिच्या टपावर आधी ताडपत्री पडायची, मग माझ्या सरपणावर. मी म्हणायचे, पुढचा जन्म मिळाला तर तुमच्या घरी मोटार होऊन येईन. हे म्हणायचे, तुझा आवाज फार मोठा, इंजिन शोभणार नाही.

खेड्यापाड्यांत बोलावणं आलं की मोटार निघायची. पहिल्यापासून मी कधी कधी बरोबर जात असे, कारण बायका पुरुष डॉक्टरला काही सांगत नसत. दाराआड मला सांगायच्या आणि मी ह्यांना सांगायचे. त्या वर्षी मात्र मी प्रत्येक फेरीला जाऊ लागले. पेशंट पहिलवान असो की पटवारी, डॉक्टरीणबाई पुढच्या सीटवर हजर. गावात हसत. डॉक्टरचा भरवसा नाही का हो बाईंना, असं माझ्या तोंडावर विचारायलाही लोकांनी कमी केलं नाही. मी म्हणायचे, नाहीच मुळी.

आणि मी रस्ताभर बोलत असे. 'किती कापसाच्या गाड्या निघाल्यात पाहा समोरून, सहा-सात तरी असतील, आणि सगळ्या आपल्याच बाजूने.' 'बाई बाई, या पुलाचा कठडा कधी पडला म्हणायचा, उजवीकडचा?' 'त्या पोराला कोणी शिकवलं रस्त्याच्या मध्यात गोट्या खेळायला?' अशी माझी अखंड बडबड. हे एका शब्दाने उत्तर देत नसत, पण गाडी कठड्यापासून लांब जाई आणि पोराच्या अलीकडे थांबे. मी घरी येई तेव्हा घसा बसलेला असे आणि पदर घामाने ओला. झोपेतही मी म्हणे, जरा डावीकडे.

एकदा हे एका लिंबाच्या सावलीला म्हैस समजले आणि भोंगा वाजवत उभे राहिले. सावली हलेना, हेही हलेनात. मला हसू आवरेना. त्याच फेरीत, परत येताना वडनेरच्या अलीकडे, एक बाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन रस्त्याच्या कडेने चालली होती. मी तेवढ्यात पदराची गाठ सोडून सुपारी काढत होते. वर पाहिलं तर बाई अगदी चाकापुढे. मी किंचाळायच्या आत तिने भारा टाकला आणि चरात उडी मारली. गाडी थोडी कचकली आणि पुढे गेली. हे म्हणाले, 'काय होतं?' मी मागे पाहिलं. बाई उठून उभी राहिली होती आणि दोन्ही हातांनी आम्हाला शिव्या देत होती. शिव्या देण्याइतकी धड आहे हे पाहिलं आणि मी म्हणाले, 'काही नाही. खड्डा.'

हे खोटं मला पचलं नाही. चार दिवस अन्न गोड लागेना. त्या बाईचं काही झालं असतं तर एक जीव गेला असता आणि दुसरा, ज्याने जन्मभर जीव वाचवले, तो जिवंतपणी मेला असता. मी ठरवलं, मोटार घरातून गेली पाहिजे. आणि ह्यांचा मान न जाता गेली पाहिजे, कारण हे मानी, आणि मान गेल्यावर खचून बसलेले हे मला पाहवले नसते.

पाचव्या दिवशी मी पाठ धरून बसले. म्हटलं, 'या मोटारीच्या धक्क्यांनी माझी पाठ गेली. आता टांगाच बरा. विकून टाका ना ती.' मी मोठ्या भांडणाच्या तयारीत होते. दोन दिवसांची भाषणं जुळवून ठेवली होती. हे पान लावत होते, ते लावून झालं, तोंडात टाकलं आणि म्हणाले, 'विकू.'

मी थक्क. इतकी माझ्या पाठीची काळजी! लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तेव्हा कुठे कळलं, असं म्हणून मी मनातल्या मनात चांगली फुगून बसले.

पण विकायची म्हटली तरी गिऱ्हाईक टिकेना. दोष अर्धा ह्यांचा. माणूस मोटार पाहायला आला की हे तिची एकेक तक्रार त्याच्यापुढे मांडत. टप डाव्या कोपऱ्यात गळतो. चढावर तापते, तेव्हा घाई करू नका. सुरू करायला सेल्फचं बटन आहे, पण बॅटरी थकली आहे, तेव्हा पुढून लोखंडी हँडल मारूनच चालू करा. एवढं ऐकूनही मोटार पाहिली की माणसाचा जीव तिच्यावर जडे. मग तो विचारी, 'इतकी चांगली गाडी काऊन इकून राह्यले, डॉक्टरसाहेब?' आणि इथे आमच्या सत्यवचनी डॉक्टरांची वाचा बसे. 'उगीच,' हे म्हणत. 'कंटाळा आला.' बारीकसारीक गळतीसुद्धा सांगणारा माणूस मुख्य प्रश्नाला उगीच म्हणतो, म्हणजे पाणी कुठे तरी मुरतंय, हे कोणालाही कळतं. सरकीचा एक व्यापारी दोनदा येऊन परत गेला. खामगावचे एक वकील आले, चालवून पाहिली, खूश झाले, चहा प्याले आणि पुन्हा फिरकले नाहीत. आठ दिवसांत गावात बोलवा उठली की डॉक्टरच्या मोटारीत पेशंट मेला आणि तो अजून मागच्या सीटवर बसतो. मी म्हटलं, गुडघे हनुवटीला लावून बसत असेल बिचारा.

हसत होते, पण जीव टांगणीला लागला होता. बोलावणी थांबत नव्हती आणि मोटार दारात होती तोवर हे तिच्यातूनच जाणार होते.

मग सोनाळ्याचे एक शेतकरी आले. मोठी शेती, डोक्याला पांढरा फेटा, अंगात बंडी आणि आवाज असा की दोन शेतांवरून हाक मारायची सवय. बरोबर जिनिंगच्या लॉरीवरचा एक ड्रायव्हर आणला होता, पण मोटार तपासली स्वतःच. तीनदा तिच्याभोवती फिरले. पुढच्या झाकणावर थाप मारली. चाकाशी उकिडवे बसून टायरवरून तळवा फिरवला. मग पुढच्या जाळीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, 'दात तं साबूत हायेत.' मी दाराआडून पाहत होते, मला एकदम माझ्या माहेरी, अमडापूरच्या बाजारात उभी असल्यासारखं वाटलं. वडील बैल घेताना असेच बोलायचे.

'मारकी तं नाई?' त्यांनी विचारलं.

'नाही,' हे म्हणाले.

'वाटंत बसत तं नाई?'

'माझ्याकडे कधी बसली नाही.'

'मंग इकून काऊन राह्यले?'

'उगीच,' हे म्हणाले. मी दाराआड कपाळाला हात लावला. पण पाहुण्यांचं मन जडलं होतं. ते खांद्यावरचं उपरणं काढून म्हणाले, 'द्या हात.' बैलबाजारात करतात तसा सौदा. उपरण्याखाली दोघांनी हातात हात घातले आणि बोटं दाबून भाव सांगायला सुरुवात केली. ह्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी मोकळा दिसला. या व्यवहारात डोळ्यांचं काही काम नव्हतं. दोन-तीनदा मान हलली, एकदा हे हसले, आणि सौदा झाला.

पैसे आले, कागदावर सह्या झाल्या. ह्यांनी ड्रायव्हरला बोलावून हँडल कसं धरायचं, अंगठा कसा वर ठेवायचा, नाहीतर उलटं फिरून मनगट मोडतं, सगळं समजावलं. एकदा मारून दाखवलं, मोटार सुरू झाली, आणि हँडल ह्यांनी आपल्या हाताने मागच्या सीटखाली ठेवलं. मग पाहुणे चहाला आत आले. मोटार दारात घरघरत उभी. बाहेर कोणी नव्हतं.

आता मी काय केलं ते सांगते. माझ्या माहेरी बैल विकला तरी त्याचं दावं, म्हणजे बांधायचा दोर, कधी विकलं नाही. जनावर जातं, दावं घरात राहतं, म्हणजे लक्ष्मी घरातून जात नाही. घेणारा आपलं दावं बरोबर आणतो, विकणारा आपलं सोडून घेतो, आणि ते देव्हाऱ्याजवळच्या खुंटीला जातं. वडिलांच्या खुंटीला मी लहानपणी अशी किती दावी मोजली असतील. ही मोटार म्हणजे आमच्या घराची लक्ष्मीच होती, तिच्यामुळे वीस-वीस गावांत ह्यांचं नाव झालं. ती अशी दाव्यासकट द्यायची? पण मोटारीला दावं कुठलं? मी विचार केला. जे हातात धरून हे तिला रोज उठवत आणि बाहेर काढत, ते तिचं दावं. मी गेले, सीटखालून हँडल काढलं, पदराखाली घेतलं, देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवलं आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. सेल्फचं बटन आहे हे मी ऐकलं होतं. बॅटरी थकली आहे हेही मी वीसदा ऐकलं होतं, पण माझ्या डोक्यात ते कधी शिरलंच नव्हतं. पंधरा पावलांवर ह्यांना काय दिसणार, ड्रायव्हर चहात बिस्किट बुडवत होता, त्यामुळे कोणाला पत्ता लागला नाही.

मोटार गेली. धूळ खाली बसली. त्या दुपारी मी भाकरी आणि ठेच्यावर असा ताव मारला की कोणी पाहिलं असतं तर आजारातून उठले असं समजलं असतं. जेवून भिंतीला टेकले आणि तिथेच झोप लागली. वर्षभरात पहिल्यांदा मी दिवसा अशी गाढ झोपले. उठले तेव्हा दोन बाया घरात येऊन, मला तशी पाहून, परत गेलेल्या होत्या. छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं होतं. आता कोणाचा जीव जाणार नाही. आता टांगेवाला बघेल काय रस्त्यात आहे ते.

हा आनंद दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला.

दुपारी दारात एक दमणी, बैलांची हलकी गाडी, थांबली. तिच्यातून सोनाळ्याचे पाहुणे उतरले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, फेटा सुटलेला. पाणी दिलं ते घेतलं नाही. ओट्यावर बसले नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, 'डॉक्टरसाहेब, तुमची गाडी बसली.'

हे दवाखान्यातून नुकतेच आले होते. म्हणाले, 'कुठे?'

'पूर्णेच्या पात्रात. ऐन पाण्यात. बटन दाबून दाबून ड्रायव्हरचा अंगठा सुजला. दोन जोड्या लावून बाहेर काढली, साऱ्या गावानं पाह्यलं, पोट्टे हसून राह्यले होते. बैलानं मोटार ओढली.'

'हँडल मारलं का?'

'हँडल कुठी व्हतं गाडीत?'

'मागच्या सीटखाली. मी माझ्या हातानं ठेवलं.'

'नव्हतं. सीट काढून पाह्यली. साहेब, तुमी टप गळते म्हणून सांगतलं, चढावर तापते म्हणून सांगतलं, मले वाटलं माणूस खरा हाय. पण मी इचारलं, काऊन इकता, तं तुमी उगीच म्हणले. उगीच कोणी इकत नाई. खोड तुमाले मालूम व्हती. तुमची गाडी तुमी घ्या, माहे पैशे मले द्या.'

मी माजघरात दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मोटार परत येणार, हे पुन्हा चाकाशी बसणार, आणि हे सगळं माझ्याच हाताने झालेलं. बाहेर जाऊन सांगावं तर ह्यांच्यासमोर चोर ठरायचं. ह्यांच्या जन्मात कोणी ह्यांना लबाड म्हटलं नव्हतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे ओट्यावर सरळ बसले होते, हात मांड्यांवर ठेवून.

'गाडीत खोड नाही,' हे म्हणाले. 'खोड माझ्या डोळ्यांत आहे. मले दिसत नाही.'

पाहुण्यांनी सुटलेला फेटा सावरला.

'दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वडनेरच्या अलीकडे एक बाई गवताचा भारा घेऊन चालली होती. माझ्या गाडीखाली येता येता वाचली. मले ती दिसलीच नाही, भारा पडल्याचा आवाज आला. हिनं सांगितलं खड्डा होता. मी दुसऱ्या दिवशी टांगा करून तिथं गेलो. विचारत विचारत त्या बाईचं घर काढलं, तिचे हातपाय तपासले. गुडघा खरचटला होता, बाकी ठीक. तिनं मले चहा पाजला. त्या दिवसापासून या गाडीत बसलो की माझे हात कापत होते. पण विकतो म्हणायची हिंमत नव्हती, कारण लोक विचारतील काऊन. मग हिनं पाठीचं दुखणं काढलं. तेव्हा सुटलो.' मग म्हणाले, 'गाडीले नाव ठेवू नका. ती चांगली आहे.'

मला आधी राग आला. अगदी तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर मी घसा फोडत होते, झोपेत दचकत होते, ह्यांना सगळं ठाऊक होतं आणि हा माणूस पान लावत बसला होता! आणि रागाच्या पाठोपाठ इतकं मोकळं वाटलं की मला रडूच कोसळलं. जो शब्द मी जिभेखाली दाबून ठेवला होता तो ह्यांनी ओट्यावर बसून, परक्या माणसासमोर, मोठ्याने उच्चारला होता, आणि छत कोसळलं नव्हतं. ह्यांनी आपली लाज वाचवायला तो लपवला आणि मोटारीची अब्रू वाचवायला सांगून टाकला. आता माझ्या चोरीचं काय एवढं मोठं होतं?

मी देव्हाऱ्यापाशी गेले, हँडल उचललं आणि डोक्यावरचा पदर सावरून बाहेर आले. पाहुण्यांपुढे ते ओट्यावर ठेवलं. लोखंडावर हळदकुंकू तसंच होतं, एक फूलही चिकटलेलं होतं.

'हे मी काढून घेतलं,' मी म्हणाले. 'आमच्या अमडापूरकडे दावं देत नाहीत.'

पाहुण्यांनी हँडलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग जे हसायला लागले ते ओट्यावर बसलेच. दमणीवाला काय झालं म्हणून धावत आला. 'माय वं,' ते म्हणाले, डोळे पुसत, 'दावं! दावं राखलं बाईनं! बाई, बराबर केलं तुमी, मी बी कधी देत नाई. पण मले सांगाचं तं व्हतं ना. मी माह्यं दावं संगं आणलं असतं!'

मग त्यांनी पाणी मागितलं, ते प्याले, वर चहाही प्याले. मी ते हँडल पुढे सरकवलं आणि घेऊन जा म्हणाले. त्यांनी कानाला हात लावले. घरातलं दावं ते नेणार नव्हते. बाजाराच्या टोकाला लोहार होता, त्याच्याकडून तसंच दुसरं घडवून घेऊ, ते आपलं दावं, असं त्यांनी ठरवून टाकलं. नमुन्यापुरतं आमचं बरोबर न्यायचं आणि परत आणून द्यायचं. ह्यांच्याकडे वळून म्हणाले, 'अन् डोळ्याचं काय घेऊन बसले साहेब? माह्या बापाचे मोतीबिंदू काढले. आता मले शिव्या द्यायले दुरून ओळखते.' त्या वर्षीच्या थंडीत नागपूरला ह्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. दवाखानाही बंद पडला नाही, लोक यायचे ते येतच राहिले. पण त्या दुपारी आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

लोहाराला हँडलाच्या टोकाची खाच नीट समजावली पाहिजे, नाहीतर ते इंजिनात बसायचं नाही, म्हणून ह्यांनी जायला हवं होतं. पाहुणे हँडल घेऊन पुढे झाले. हे ओट्याच्या कडेला उभे राहिले. खाली तीन पायऱ्या, पुढे भर दुपारचा बाजार, कापसाच्या गाड्या, बैल, माणसं. ह्यांनी माझ्याकडे न पाहता हात मागे केला.

'चल,' म्हणाले. 'मले रस्ता दिसत नाही.'

आमच्या काळात नवराबायको बरोबरीने रस्त्यावर चालत नसत. हे पुढे, मी दहा पावलं मागे, अशीच आम्ही देवळात गेलो, लग्नाकार्यात गेलो, मुलींना सासरी पोचवून आलो. चारचौघांत ह्यांनी माझा हात धरला तो लग्नात, भटजींच्या सांगण्यावरून. मी क्षणभर उभी राहिले. मग पदर खोचला आणि हात हातात घेतला. हात कोरडा आणि गरम होता. तो कापत नव्हता.

आम्ही मलकापूरच्या बाजारातून तसे गेलो. शिंप्याने मशीन थांबवलं. सरकीचा तो दोनदा परत गेलेला व्यापारी गादीवरून उठून दुकानाच्या दारात आला. बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. माझ्या कानशिलांना आग लागली होती, पण हात मी सोडला नाही.

अर्ध्या वाटेत हे हळूच म्हणाले, 'लोक पाहून राह्यले काय?'

'सारा बाजार पाहून राह्यला,' मी म्हणाले.

'पाहू दे,' हे म्हणाले. 'मले थोडेच दिसतात.'

आणि मी, डॉक्टरांची बायको, दोन मुलींची आई, भर बाजारात नवऱ्याचा हात धरून खदखदून हसले.